पाहुण्याचे पाकीट आणि पोऱ्याची झडती

जव्हारच्या एखाद्या हॉटेलात मुंबईहून सुटीसाठी आलेल्या कुटुंबाचे पाकीट नाहीसे होते आणि घटकाभरात चोर सापडतो. पाकीट सापडत नाही. चोर मात्र सापडतो. तो बहुधा चादरी बदलणारा वारली पोऱ्या असतो, नाहीतर भांडी घासणारी कातकरी मुलगी. व्यवस्थापक तिला मागच्या खोलीत नेतो, तिच्या पिशवीतले दोन कपडे जमिनीवर उपडे करतो आणि पाहुण्यांना सांगतो, "साहेब, ही माणसे अशीच!" हा प्रसंग कोणा एका हॉटेलाचा नव्हे. डोंगरात जिथे शहराची सुटी आणि आदिवासीची मजुरी एका छपराखाली येतात, तिथे तो घडण्याची सोय करून ठेवलेली असते. ती सोय कोणाच्या हिताची, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम पाहुण्याविषयी. त्याची टवाळी करण्याची आपल्यातील काहींना सवय आहे. ती बरी नव्हे. दाभोसाचा धबधबा पाहावयास येणारा प्रत्येक जण कारखानदार नसतो. कचेरीतून, बँकेतून, शाळेतून वर्षाकाठी चार दिवस मागून घेतलेला नोकरदार तिथे येतो. त्याच्या बायकोचे मंगळसूत्र गेले तर त्याचे दुःख खोटे ठरत नाही. पण या दुःखाचा जाब ज्याला विचारायचा तो गल्ल्यावर बसलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर पाटी असते : 'आपल्या सामानाची जबाबदारी आपली.'

ही पाटी म्हणजे कायदा नव्हे. प्रवाशांच्या व त्यांच्या जनावरांच्या, गाड्यांच्या रक्षणासाठी जिल्हा दंडाधिकारी सांगतील तितके पहारेकरी सराईवाल्याने ठेवावेत, असे इंग्रजांच्या १८६७ च्या सराई कायद्याने सांगितले होते. आपल्याकडे सोपवलेल्या वस्तूची शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे, हे १८७२ च्या करार कायद्यात आहे. १९९८ साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात पाहुण्याने नोकराच्या हवाली केलेली मोटार चोरीस गेली. हॉटेलने पावतीवरील 'मालकाच्या जोखमीवर' या शब्दांचा आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये तो झिडकारला : गाडी ताब्यात घेतलीत, तर निष्काळजीपणा झाला नाही हे तुम्ही दाखवा, छापील शब्दांनी त्यातून सुटका नाही. खोलीत ठेवलेल्या सामानाची गोष्ट निराळी, तिथे ताबा पाहुण्याचाच असतो, हे मान्य. परंतु त्या खोलीची दुसरी किल्ली ज्याच्या फळीवर लटकते, ती कोणी कधी नेली याची वही जो ठेवीत नाही, त्याने हात झटकावेत कसे?

तो झटकतो, कारण त्याच्यापाशी पोऱ्या आहे. कुलूप बदलण्यास पैसे पडतात, पहारेकरी ठेवण्यास पगार पडतो. संशयित मात्र फुकट मिळतो. चोरीचा तपास नव्हे, तर मालकाच्या जबाबदारीचे खापर खालच्या माणसाच्या डोक्यावर फोडणे, हा त्या झडतीचा खरा अर्थ.

आणि कायद्याचा तराजूही पाहा. १८६० च्या दंडसंहितेने साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरली तर सात वर्षांपर्यंत. माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून बेकायदा सक्तीने श्रम करून घेणाऱ्या मालकाला किती? एक वर्षापर्यंत! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, मेकॉलेची निशाणी पुसल्याचे ढोल वाजले. पण हे सात आणि हे एक जसेच्या तसे राहिले. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानेही तीन वर्षांपर्यंतच मजल मारली. ज्या मुलुखात बाप वीटभट्टीच्या मालकाकडून पावसाळ्यात उचल घेतो आणि दिवाळीनंतर बायकापोरांसह ती फेडावयास भिवंडी-वसईकडे जातो, तिथे हा फरक पुस्तकातला राहत नाही. मोखाडा तालुक्यात २०२१ साली पाचशे रुपयांच्या उसनवारीपोटी एका कातकरी मजुराला राबवून घेतल्याचा आरोप झाला. त्याने आत्महत्या केल्यानंतर वेठबिगारीचा गुन्हा नोंदवला गेला.

'खरी चोरी निराळीच' असे भाषण येथे सहज करता येईल, आणि ते खोटेही ठरणार नाही. मोखाड्यातील कोचाळे गावापाशी वैतरणेवर १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण २०१२ साली पुरे झाले. पाणी मुंबईला जाते आणि मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. जव्हारच्या वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये कुपोषणाने मुले मेली, तेव्हा कोणाच्या खोलीची झडती झाली नाही. पण असल्या भाषणाने त्या मुलीचा कापलेला पगार परत येत नाही. टाळ्या घेऊन वक्ता एस. टी. ने परततो आणि ती कामावरून गेलेली असते.

म्हणून हाताशी असलेली हत्यारे वापरावीत. हरवलेली वस्तू सांभाळण्यासाठी स्पष्टपणे त्या कामगाराकडेच सोपवली असेल आणि त्याच्या हयगयीमुळे गेली असेल, तरच पगारातून कपात करता येते. तीही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. हे १९३६ च्या वेतन कायद्यात होते, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पाहुण्याचे पाकीट चादर बदलणाऱ्याकडे कोणी सोपवले होते? अंगझडती घेण्याचा अधिकार व्यवस्थापकाला नाही. पोलिसांनीही स्त्रीची झडती स्त्रीकडूनच आणि मर्यादा राखून घ्यावी लागते. आदिवासीविरुद्ध बिगर-आदिवासीने सरकारी नोकरास खोटी वा क्षुल्लक माहिती देऊन त्याला छळावयास लावले, तर तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. हे कलम आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? आणि चोरी खरोखर कोणी केलीच असेल, तर त्याचा निवाडा न्यायालय करील. गल्ल्यावरचा शेट नव्हे.

आणखी एक अप्रिय गोष्ट. शिबिरांना, अधिवेशनांना जाणारे आपले साथीही हॉटेलात उतरतात. घड्याळ दिसेनासे झाले की त्यांची नजर आधी कोणाकडे वळते? १८७१ साली इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, त्यावर आपण व्याख्याने देतो. पुढच्या वेळी जव्हारला खोली घेताना भाड्याची घासाघीस करण्याआधी मालकाला विचारा : मागे एखाद्या पाहुण्याचे काही हरवले होते, तेव्हा पगार कोणाचा कापलात? आणि उत्तर ऐकून झाल्यावर चादर बदलणाऱ्या पोऱ्यालाही तेच विचारा, मालक समोर नसताना.