कचोरीवाल्याचे चौदा रुपये

व्यापारासाठी परगावी जाणे जैन कुटुंबांना नवे नाही. नव्या पेठेतील भाव, दलाली आणि उधारीची रीत यांची चौकशी पहिल्या आठवड्यातच होते. मात्र त्या गावची माणसे कशाला भितात, कशात रमतात आणि कोणत्या शब्दावर विश्वास ठेवतात, हे कोणत्याही वहीत सापडत नाही. त्यासाठी अनोळखी माणसाजवळ घटकाभर बसावे लागते. याचा चारशे वर्षांपूर्वीचा दाखला कवी बनारसीदास यांच्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात आहे.

जौनपूरच्या जवाहिऱ्याचे हे पुत्र १५८६ साली जन्मले. १६१०च्या सुमारास वडिलांनी रत्ने, तूप, तेल आणि कापड सोपवून त्यांना आग्र्यास पाठविले. वाटेत इटाव्याजवळ मुसळधार पावसाने गाठले. सराई भरलेली, कोणी दारात उभे करीना. अखेर चौकीदारांच्या झोपडीत आसरा मिळाला. तोही टिकतो न टिकतो, इतक्यात एक दांडगा गृहस्थ तेथे येऊन त्यांना हुसकावू लागला. पुढे त्यालाच दया आली. त्याने अंथरायला तरट दिले, स्वतः खाटेवर पहुडला आणि बनारसीदासांना सोबत्यांसह खाटेखाली झोपू दिले. आग्र्याची पेठ दिसण्याआधी परक्या मुलखाची ओळख झाली ती अशी.

आग्र्यात धंदा बसला नाही. काही रत्ने हरवली, काही व्यवहार बुडाले, घरातील वस्तू विकण्याची पाळी आली. बाजारात तोंड दाखवणे नकोसे झाले. त्या दिवसांत ते रात्री ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या प्रेमकथा वाचीत. ऐकायला दहा-वीस माणसे जमत. त्यांतच एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून रोज उधारीने कचोऱ्या घेत. एके दिवशी त्यांनी त्याला एकांतात गाठून स्पष्ट सांगितले, की आपल्याजवळ काही उरलेले नाही, यापुढे उधार देऊ नये. कचोरीवाल्याने वीस रुपयांपर्यंत निर्धास्त खाण्याची मुभा दिली. सहा महिने हे खाते चालले. नंतर सासरकडच्या एका नातलगाने त्यांना आपल्या घरी नेले, भागीदारीत पुन्हा व्यापार सुरू झाला आणि कचोरीवाल्याचा हिशेब चुकता झाला. रक्कम निघाली चौदा रुपये.

या व्यवहाराला ना तारण होते, ना जामीन. एकाने कथा वाचल्या, दुसऱ्याने त्या मन लावून ऐकल्या. त्या रोजच्या बैठकीतून जी ओळख झाली, तीच पत ठरली. आणि ती पत टिकली, कारण कर्जदाराने आपली अडचण लपविली नाही. १६४१ साली, पंचावन्नाव्या वर्षी, बनारसीदासांनी आपले आयुष्य लिहिले, तेव्हा बादशहांच्या काळातल्या मोठ्या घडामोडींबरोबर या कचोरीवाल्यालाही जागा दिली. त्यामुळेच चारशे वर्षांपूर्वीचे आग्रा आज इमारतींपलीकडे, माणसांसह दिसते.

आज मुलगा नोकरीसाठी बंगळुरूस जातो, सून नव्या शहरात संसार मांडते. वाट मोबाइल दाखवतो, सामान दारात येते. वर्ष सरते, तरी खालच्या दुकानदाराचे नाव ठाऊक नसते. अडचणीची रात्र येते तेव्हा मात्र सोसायटीत दार कोणाचे वाजवावे, हा प्रश्न पडतो.

ओळखीची सुरुवात साध्या प्रश्नाने होते. पुण्यातील तांबट आळीत गेलेल्या पाहुण्याने घंगाळाचा केवळ भाव विचारला, तर उत्तर एका आकड्यात संपते. भांड्यावर एवढे ठोके कशासाठी, असे विचारले, तर ठोक्यांनी तांबे कडक होते, भांडे टिकते आणि झळाळते, हे कारागीर हातातले काम दाखवत सांगतो. मग हे काम कोणाकडून शिकला, मुले पुढे करतात का, असे बोलणे वाढते. गिऱ्हाइकांची गर्दी असताना असे प्रश्न टाळावेत. दुपारची निवांत वेळ बरी. प्रारंभीच पगार, जात किंवा घरभाडे विचारू नये. ऐकल्यावर स्वतःच्या गावचेही चार शब्द सांगावेत. माहिती काढून घेणारा परकाच राहतो, देवाणघेवाण करणारा ओळखीचा होतो. अर्थात, ओळख झाली म्हणून पैशाच्या व्यवहारात घाई नको. कचोरीवाल्यानेही वीस रुपयांची मर्यादा घातलीच होती.

व्यापारी घरांत मुलांना हिशेब लवकर शिकवला जातो. परगावी निघालेल्या मुलाला त्यासोबत एवढेच सांगावे, की पहिल्या महिन्यात जमाखर्चाच्या वहीत शेवटचे पान कोरे ठेवावे आणि त्यावर नव्या गावात ओळख झालेल्या माणसांची नावे लिहावीत.