स्वस्त पोपट महाग पडतो

गेल्या वर्षभरात आपल्या शाळेत एक नवा शौक पसरला आहे. मराठीत त्याला छंद म्हणावे, पण इंदुरातली आपली मुले शौकच म्हणतात. सातवी ते नववीच्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या घरी रंगीत पोपटांचे पिंजरे आले आहेत. कोणाच्या जोडीने अंडी दिली, कोणत्या रंगाला काय भाव आहे, याची चर्चा मधल्या सुटीत चालते. पिल्लांची देवघेवही होते. त्यातच एका हितचिंतक पालकांनी शाळेच्या आवारात मोठा पिंजरा बांधून देण्याची व त्यात सहा जोड्या सोडण्याची तयारी दाखविली आहे. विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय येईल. त्यापूर्वी आमचे मत सर्वांसमोर मांडणे आम्हाला उचित वाटते. देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याविषयी शंका नाही. तरीही हा पिंजरा शाळेने घेऊ नये, असे आम्हाला वाटते. त्याचे कारण पोपटांच्या बाजारभावातच सापडते.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे बाजारात ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात, ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. तुरेवाला कॉकटेलही ऑस्ट्रेलियाचाच. बजरीगरची जोडी काही शे रुपयांत मिळते, आफ्रिकन ग्रे हजारोंच्या घरात जातो आणि मोठ्या मकाव पोपटांचा भाव लाखांत असतो. मुले विचारतात, एवढा फरक का? मोठा पक्षी अधिक सुंदर किंवा अधिक हुशार म्हणून नव्हे. खरे कारण अंड्यांच्या हिशेबात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, वही-पेन्सिल घ्या. बजरीगरची मादी एका वेळी चार ते सहा अंडी देते. अठरा दिवसांत पिल्लू बाहेर येते आणि पाच आठवड्यांत घरटे सोडते. वर्षातून दोनदा पाच-पाच पिल्ले धरली, तर एका जोडीची वर्षाला दहा पिल्ले, म्हणजे पाच नव्या जोड्या झाल्या. जुनी धरून सहा. दुसऱ्या वर्षी छत्तीस, तिसऱ्या वर्षी दोनशे सोळा. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात पुष्कळ पिल्ले दगावतात. पण भाव का कोसळतो, हे समजायला तो पुरेसा आहे. याउलट आफ्रिकन ग्रे चार-पाच वर्षांचा होईपर्यंत जोडी जमवीत नाही, मादी दोन ते चार अंडी देते आणि ती उबवायला जवळजवळ महिना लागतो. म्हणून तो महाग. भाव पक्ष्याच्या गुणांचा नसतो, त्याच्या दुर्मिळतेचा असतो.

हे आजचे नाही. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८४० साली बजरीगर जिवंत इंग्लंडला नेला. तेव्हा तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली नवलाई होता. मूळ पक्षी हिरवा. पुढे १८८० च्या सुमारास बेल्जियममध्ये निळे पिल्लू निघाले. १९२० च्या दशकात जपानमध्ये या निळ्या जोड्यांचे असे वेड पसरले, की त्यांच्यासाठी अवाच्या सवा किंमत मोजली जाऊ लागली. युरोपातील पाळणाऱ्यांनी भराभर निळे पक्षी पैदा केले आणि थोड्याच काळात तो भाव जमीनदोस्त झाला. ज्यांनी शेवटी खरेदी केली, त्यांच्या हाती पक्षी उरले आणि दाण्याचा खर्च उरला. पक्षी तोच, रंग तोच. फक्त तो आता सर्वांकडे होता.

आज आपल्या मुलांच्या घरांत लहान प्रमाणात हेच चालले आहे. पूर्वी घरी मिट्ठू आला की लोक विचारीत, 'बोलतो का?' आता विचारतात, 'कोणता रंग?' पिवळा, निळा, पांढरा, लाल डोळ्यांचा असा दरवर्षी एक नवा रंग महाग निघतो आणि दोन-तीन हंगामांत स्वस्त होतो. 'पिल्ले विकून जोडीचे पैसे वसूल होतील' असे मुलाला वाटते. पण वर्गातल्या आठ जणांनी एकाच रंगाच्या जोड्या आणल्या, तर पिल्ले कोणी घ्यायची? मग ती कोणाला तरी फुकट दिली जातात किंवा 'मोकळी' केली जातात. पिंजऱ्यात जन्मलेला परदेशी पक्षी मालव्याच्या उन्हात बाहेर सोडणे, याला मोकळे करणे म्हणत नाहीत. त्याला दाणा शोधता येत नाही आणि शिकरा, कावळे, मांजरे टपलेलीच असतात.

आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. पोपटाचा भाव उतरतो, पण त्याचे आयुष्य कमी होत नाही. शंभर रुपयांच्या पक्ष्यालाही रोज ताजे पाणी, स्वच्छ पिंजरा, सोबत आणि आजारपणात डॉक्टर लागतो. बजरीगर पाच ते दहा वर्षे जगतो, कॉकटेल पंधरा-वीस, आफ्रिकन ग्रे चाळीसहून अधिक. आठवीतल्या मुलाने आज कॉकटेल आणले, तर तो मुलगा नोकरीला लागेल तेव्हाही ते घरी असेल. डॉ. आयरीन पेपरबर्ग यांचा ॲलेक्स नावाचा ग्रे पोपट १९७७ साली शिकागोतील एका दुकानातून आणलेला होता. २००७ साली तो मेला. या तीस वर्षांत तो शंभराहून अधिक शब्द शिकला आणि वस्तूंचे रंग, आकार ओळखून सांगू लागला. इतकी समज असलेल्या जीवाला एकटे कोपऱ्यात टांगून ठेवणे म्हणजे काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

महाग पक्ष्याची कथा आणखी दुःखद आहे. भाव चढला की जंगल रिकामे होते. घाना देशात १९९२ पासून ग्रे पोपटांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे अभ्यासकांनी २०१६ साली नोंदविले. त्याच वर्षी जोहान्सबर्गच्या परिषदेत जंगलातील ग्रे पोपटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. युरोपीय संघाने २००७ सालीच रानपक्ष्यांची आयात कायमची थांबविली होती.

आपल्या देशातील कायदाही पालकांनी नीट समजून घ्यावा. कीर, पहाडी पोपट, टुइया हे आपले देशी पोपट. त्यांना पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. 'आमच्या आजोबांकडेही होता' हे उत्तर चालत नाही. परदेशी पोपटांपैकी ज्या जाती आंतरराष्ट्रीय करारात संरक्षित आहेत, त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार सरकारी पोर्टलवर करावी लागते. त्यांचे जन्म, मृत्यू आणि हस्तांतरणही कळवावे लागते. बजरीगर व कॉकटेल त्यात येत नाहीत, पण ग्रे आणि मकाव येतात. घेण्यापूर्वी विक्रेत्याकडे कागद मागावेत.

काही पालक म्हणतात, पक्षी पाळल्याने मुलाला जबाबदारी कळते. आम्ही हे नाकारीत नाही. घरी आई-वडील पाठीशी असतील तर जरूर कळते. पण शाळेचा पिंजरा सर्वांचा, म्हणजे कोणाचाच नसतो. दिवाळीच्या सुटीत दाणा कोण घालणार? मे महिन्यात पत्र्याखाली पाणी कोण बदलणार? शेवटी ते काम आमच्या शिपाईमामांच्या अंगावर पडेल आणि जबाबदारीचा धडा मुलांऐवजी तेच गिरवतील. शिवाय सहा जोड्यांचे काय होते, हे आपण वर वहीत पाहिलेच आहे.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. बोलचालीच्या हिंदीत लोक पक्षी 'पालतात' आणि वचन 'निभावतात'. मराठीत दोन्ही पाळावेच लागतात. घरचा शब्द आपल्याला एवढे शिकवितो, तेवढे मुलांपर्यंत पोहोचले तरी पुष्कळ झाले.

म्हणून आमच्या सूचना अशा. ज्यांच्या घरी आधीच पक्षी आहेत, त्यांनी ते उत्तम सांभाळावेत. विक्रीसाठी पैदास मात्र थांबवावी. घरटे-मडके काढून ठेवले की अंडी बहुधा थांबतात. शाळेत पक्ष्यांची देवघेव यापुढे होऊ नये. आवारातील चिंचेच्या जुन्या झाडाची ढोली बुजवू नये, कारण कीर घरटे करतात ते अशाच ढोलीत. सहावीपासूनच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा संध्याकाळी झाडांवर उतरणारे पोपट मोजून वहीत नोंदवावेत. हिवाळ्यात एक सहल सिरपूर तलावावर न्यावी. २०२२ साली ज्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ते ठिकाण आपल्या शहरात आहे आणि आपल्या कित्येक मुलांनी ते अजून पाहिलेले नाही.

पिंजरा देऊ करणाऱ्या पालकांना आमची नम्र विनंती आहे, की त्याच रकमेत शाळेला चार-पाच दुर्बिणी द्याव्यात. त्या सुटीत कपाटात राहतील, उपाशी मरणार नाहीत, आणि पुढील अनेक वर्षे मुलांच्या उपयोगी पडतील. विश्वस्त मंडळाने याचा सहानुभूतीने विचार करावा. पालकांनी आपले मत, विरोधी असले तरी, लेखी स्वरूपात कार्यालयात अवश्य द्यावे.

— प्राचार्य