बिनविषारी छर्रा मागण्याआधी विषारी दाणा सोडा



ज्वारी हुरड्यात आली की आपल्या ग्रुपवर दरसाल तेच बोलणं सुरू होतं. भोरड्यांचे थवे उतरले, राघूंनी मक्याची कणसं सोलली, मोरांनी पेरलेलं उकरून खाल्लं. हे सगळं खरंय, मी पण सोसतोच. पण यंदा त्यात एक नवीन मुद्दा फिरतोय. "परदेशात बंदुकीनं पाखरं मारता येतात. आता तर तिकडं बिनविषारी छर्रे निघालेत, म्हणजे निसर्गाला पण धोका नाही. मग आपल्यालाच कामून बंदी?" हे वाचून भरपूर लोकांनी लाईक केलं. म्हणून सविस्तर लिहितो. राग आला तरी पूर्ण वाचा.

आधी ही छर्ऱ्याची भानगड काय ते समजून घ्या. बंदुकीच्या एका काडतुसात शेकड्यानं बारीक छर्रे असतात. ते पिढ्यान् पिढ्या शिशाचे होते. पाखराला लागतात मोजकेच, बाकीचे तळ्यात, गवतात, शेतात पडतात. पाखराला दात नसतात. दाणा दळायला ते बारीक खडे गिळतं आणि पोटातल्या जात्यात ठेवतं. खडा समजून ते शिशाचा छर्रा पण गिळतं. तो तिथं झिजतो, शिसं रक्तात उतरतं, पाखरू वाळत जातं, पंख लुळे पडतात आणि मरतं. ज्याला गोळी लागलीच नाही असं बदक असं मरतं. आणि जखमी होऊन पळालेलं पाखरू एखाद्या गरुडानं खाल्लं, तर तो गरुड पण जातो. अमेरिकेतलं कॅलिफोर्निया कॉन्डॉर नावाचं मोठं गिधाड 1987 साली फक्त 27 उरलं होतं. ते सगळे पिंजऱ्यात ठेवून वाढवावे लागले. रानात सोडल्यावर पण ते मरायचं मोठं कारण शिसंच निघालं, मेलेल्या शिकारीतून पोटात गेलेलं.

म्हणून अमेरिकेनं 1991 पासून देशभर बदकांच्या शिकारीत शिशाचा छर्रा बंद केला. डेन्मार्कनं 1996 साली शिशाचे छर्रे पूर्णच बंद केले. कॅलिफोर्नियात 2019 पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही. युरोपात फेब्रुवारी 2023 पासून पाणथळ जागेत शिशाचा छर्रा मारायला बंदी आहे. त्याच्या जागी स्टील, बिस्मथ, टंगस्टनचे छर्रे आले. यालाच बिनविषारी म्हणतात. पाखरू त्यानं पण मरतंच. फक्त मेलेलं पाखरू आणि पडलेला छर्रा पुढं दुसऱ्या कुणाला मारत नाही. सगळा मुद्दा एवढाच आहे.

आता आपल्याकडचं बघू. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकार बंद आहे. पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना कुणाकडं असेल, तरी तो पाखरं मारायचा परवाना नाही. छर्रा शिशाचा असो नाहीतर सोन्याचा असो, आपल्या शिवारात तो प्रश्नच येत नाही. तेव्हा छर्ऱ्यावर भांडून काही उपयोग नाही.

पण भांडायचं ते वेगळ्याच गोष्टीवर आहे, आणि त्यावर ग्रुपमध्ये कुणी चकार शब्द काढत नाही. आपल्याकडं बंदूक नाही, पण आपल्याकडं दाणा आहे. ज्वारीचे, मक्याचे दाणे विषात घोळून बांधावर टाकायचे, ही आपली बंदूक. कुणी फोरेट वापरतं, ज्याला गावात सगळे थिमेट म्हणतात. कुणी कार्बोफ्युरान वापरतं. कुणी घरात पडलेलं जे असेल ते. सकाळी बांधाच्या कडंला होले, पारवे, साळुंक्या पाय वर करून पडलेल्या दिसतात. हे कोण करतं ते गावात सगळ्यांना माहिती असतं, बोलत कुणी नाही.

मी बोलतो. हे शिशाच्या छर्ऱ्याहून वाईट आहे. छर्रा निदान कुणावर तरी नेम धरून मारतात. विषाच्या दाण्याला नेम नसतो. भोरडीसाठी टाकलेला दाणा होला खातो, तितर खातो, शेजाऱ्याची कोंबडी खाते. दाणेदार कार्बोफ्युरानचा एक कण लहान पाखराला पुरतो. मेलेलं पाखरू कुत्रं नेतं, घार नेते, रात्री घुबड उचलतं. म्हणजे रात्रभर आपल्या रानातले उंदीर मारणारा फुकटचा गडी आपणच मारला. आणि ते दाणे हातानं कालवणारा कोण? आपणच, बिगर हातमोज्याचे. पावसानं उरलेलं वाहून जातं ते ओढ्याला, आणि ओढा जातो नाथसागराला. जायकवाडीचं पाणी संभाजीनगर पितं, आपण पितो.

अजून एक सांगा. हरभऱ्यात घाटेअळी आली की आपण पक्षिथांबे रोवतो. कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, आणि बरोबर आहे. कोतवाल, साळुंकी त्यावर बसून अळ्या वेचतात. एका पट्टीत पाखराला बसायला काठी रोवायची आणि शेजारच्या पट्टीत त्याच पाखराला विष टाकायचं, ही कुठली शेती?

कायद्याचं पण ऐका. बरेच जण म्हणतात, आम्ही कुठं शिकार केली, आम्ही तर पीक राखलं. त्या कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येतच विष घालणं लिहिलेलं आहे. मोर पहिल्या अनुसूचीत आहे, त्यासाठी तीन ते सात वर्षं कैद आहे. आपले पैठण, गंगापूरचे जे भाऊ धरणाच्या काठाला गाळपेर करतात, त्यांनी जास्त ध्यानात ठेवावं. जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. आणि फोरेटवर तर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. कार्बोफ्युरानचं 2023 च्या आदेशानं फक्त 3 टक्के दाणेदार तेवढं ठेवलं, ते पण ठरलेल्या पिकांसाठी. दाण्याला चोळायची शिफारस कुठंच नाही.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला हे सगळं परवडत नाही. तर आपलंच एक उदाहरण देतो. माझ्या लहानपणी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की घटकाभरात गिधाडं उतरायची, सांजेपर्यंत नुसती हाडं राहायची. आता गिधाड पोरांना पुस्तकात दाखवावं लागतं. कारण निघालं डायक्लोफिनॅक, जनावराला सूज-तापाला टोचायचं औषध. ते टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, तर गिधाडाचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम आलं, जे गिधाडाला बाधत नाही. कुणाच्या म्हशीचं त्यानं अडलं का? कुणाचा गोठा बंद पडला का? नाही. म्हणजे जे औषध मेल्यावर पण मारत राहतं ते सोडता येतं, आणि आपण सोडलेलं आहे. फक्त गिधाडांसाठी फार उशीर झाला.

मग पाखरांचं करायचं काय? राखणीला माणूस मिळत नाही, पोरं शाळेत जातात, गोफण फिरवायला दंडात जोर पाहिजे, हे मला कळतं. तरी करण्यासारखं आहे. शिवारातल्यांनी ज्वारी, बाजरी एकाच आठवड्यात पेरा. एकट्याचं आगाप रान असलं की सगळे थवे त्याच्यावरच तुटून पडतात. चमकीची पट्टी पीळ देऊन ताणून बांधा, वाऱ्यानं आवाज झाला पाहिजे, आणि चार-पाच दिवसाला जागा बदला, नाहीतर पाखरू सरावतं. बाजरी घेताना कुसाळाचं वाण बघा. दाणा भरायचे पंधरा-वीस दिवस चार घरांनी मिळून पाळीनं राखण करा, सकाळी आणि सांजेला, कारण खाणं त्याच वेळेला जास्त होतं. पेरलेलं नीट झाका, वर दाणा दिसू देऊ नका.

कृषी सेवा केंद्रवाल्या भावांना विनंती, पाखरासाठी काही द्या म्हणून कुणी आलं तर पट्टी द्या, डबा देऊ नका. कृषी सहायक आणि शास्त्रज्ञ साहेबांना विनंती, किडीवर तुम्ही दर आठवड्याला सल्ला देता, पाखरावर पण पेरणीआधी एक सल्ला द्या. तुम्ही गप्प राहता, म्हणून शेतकरी पारावर विचारतो आणि पारावर त्याला विष सांगतात. सरकारला सांगणं असं की रानडुक्कर, हरणाच्या नुकसानीचा पंचनामा होतो, तसा पाखरांच्या नुकसानीचा पण सरळ झाला पाहिजे. त्यासाठी अर्ज लिहा, मोर्चा काढा, मी पुढं चालतो.

तिकडचे शिकारी, ज्यांना पाखरू मारायचंच होतं, त्यांनी सुद्धा विष सोडलं. आपल्याला तर पाखरू मारायचं नाही, पीक वाचवायचं आहे. मग आपल्याला विष कशाला पाहिजे? ज्याचं म्हणणं वेगळं असेल त्यानं खाली लिहावं, मी उत्तर देईन. पण "सगळेच टाकतात" हे उत्तर मी धरणार नाही.