काचेआडचा देवमासा

हाताने खिळे जुळवून छापलेलं, चित्रांनी सजलेलं, मोजक्याच प्रतींचं पुस्तक दिसलं की आपल्या तोंडून ‘वा!’ निघतं. त्या ‘वा!’शी मला भांडायचं आहे.

१९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या अरायन प्रेसने हर्मन मेलव्हिलची ‘मोबी डिक’ अशी काढली. हातकागद, हाताने जुळवलेला मजकूर आणि बॅरी मोझरने लाकडी ठशांवर कोरलेली १०० चित्रं. प्रती फक्त २६५. छपाईचे जाणकार तिची गणना विसाव्या शतकातल्या सर्वोत्तम अमेरिकन पुस्तकांत करतात, आणि ते बरोबरच आहे.

पण ती सुंदर का आहे? मोझरच्या चित्रांत पात्रांचे चेहरे मुद्दाम टाळले आहेत. अहॅब कसा दिसतो ते तुम्हीच ठरवायचं. चित्रं आहेत ती होड्यांची, भाल्यांची, दोरखंडांची, निरनिराळ्या देवमाशांची. म्हणजे ज्या प्रकरणांत कंटाळून आपण पुस्तक मिटतो, नेमका तिथे चित्रकार हात धरतो. ही चित्रं वाचणाऱ्यासाठी केलेली आहेत. ती तिजोरीत ठेवणं म्हणजे चष्मा करून घ्यायचा आणि काचेच्या कपाटात मांडायचा!

‘श्रीमंत ग्राहक नसतील तर ही कला जगणार कशी?’ असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. कारागिराला पुरेपूर दाम मिळायलाच हवा. पण ठसा एकदाच कोरावा लागतो, त्याची प्रतिकृती हजारोंना देता येते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रेसने १९८१ मध्ये तेच केलं. हीच मांडणी आणि हीच चित्रं लहान आकारात, साध्या वाचकाला परवडतील अशी छापली. माझा ‘वा!’ त्या आवृत्तीला.

मेलव्हिलला उंची कागद कमी पडला नव्हता, कमी पडले ते वाचक. १८५१ मध्ये आलेल्या या कादंबरीच्या त्याच्या हयातीत जेमतेम तीन-साडेतीन हजार प्रती खपल्या. पुढे त्याने न्यूयॉर्कच्या जकात खात्यात एकोणीस वर्षं नोकरी केली. अशा लेखकाचा सन्मान २६५ कपाटांत कसा होईल?

हे तुम्हाला सांगायचं कारण आहे. परदेशात आपल्याला भाषेसाठी काहीतरी ‘भव्य’ करायची हौस फार. उद्या कुणी विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ची अशी देखणी आवृत्ती काढायचं ठरवलं, तर मीही पैसे देईन. युरोपातून मुंबईला निघालेल्या बोटीवरची ती कादंबरी लाकडी ठशांत फार शोभेल. पण पावती फाडण्याआधी एक प्रश्न विचारेन, तुम्हीही विचारा: हीच चित्रं घातलेली स्वस्त आवृत्ती कधी येणार?

उत्तर नसेल, तर ती वर्गणी पुस्तकासाठी नाही, कपाटासाठी आहे.