बिनविरोधाचा अभिमान कशाला?

वर्षातून एका रविवारी, उपासना संपल्यावर, चर्चच्या सभागृहात पुरुष संघाची वार्षिक सभा भरते. अहवाल वाचला जातो, जमाखर्च मंजूर होतो आणि निवडणुकीचा विषय निघतो. गतवर्षीचेच पदाधिकारी पुढे चालू ठेवावेत, अशी सूचना कोणीतरी मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या पडतात. मी ज्या संघाचा सभासद आहे तेथे हा विधी दहा मिनिटांत उरकतो आणि निवडणूक बिनविरोध पार पडल्याची नोंद इतिवृत्तात मोठ्या अभिमानाने होते. या अभिमानाविषयी चार शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

एकमत आणि बिनविरोध निवड या एक गोष्टी नव्हेत. एकमत विचारांती होते. बिनविरोध निवड बहुधा संकोचापोटी होते. व्यासपीठावरील गृहस्थ कोणाचा सोयरा असतो, कोणाच्या मुलाच्या नोकरीसाठी त्याने शब्द टाकलेला असतो. विरोधाची किंमत एकट्याला मोजावी लागते आणि त्याचा लाभ मात्र सर्वांत वाटला जातो. अशा व्यवहारात शहाणा माणूस गप्प बसणे पसंत करतो. रॉबर्ट मिशेल्स या समाजशास्त्रज्ञाने 1911 मध्ये युरोपातील समाजवादी पक्षांचा अभ्यास करून दाखवून दिले होते की, समतेचा उद्घोष करणाऱ्या संघटनांतही सत्ता अखेर मूठभरांच्या हाती एकवटते. आपला लहानसा संघ याला अपवाद असण्याचे कारण नाही.

यावर कोणी विचारील, एवढ्याशा संघात सत्ता ती कसली? पण आजाऱ्याला मदत, अंत्यविधीचा खर्च, गरीब विद्यार्थ्याची फी यांसाठी जो निधी जमतो, त्याची यादी कोण करतो? यादी करणाऱ्याला जी घरे ठाऊक असतात, तीच यादीत येतात. यात लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा केवळ अपरिचय असतो. वंचिताला मात्र दोहोंचे फळ एकच मिळते.

हा प्रश्न नवा नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नेमका हाच पेच आहे. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीकभाषी यहूद्यांची तक्रार होती. प्रेषितांनी तक्रारदारांना फुटीर ठरवले नाही, की आपल्या मर्जीतील माणसे नेमली नाहीत. त्यांनी मंडळीलाच सात माणसे निवडावयास सांगितले. निवडलेल्या सातांचीही नावे ग्रीक वळणाची आहेत. म्हणजे ज्यांच्या ताटात कमी पडत होते, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले असावे. त्याआधी, पहिल्या अध्यायात, यहूदाच्या रिक्त जागेसाठीही योसेफ आणि मत्थिया अशी दोन नावे पुढे आली होती. प्रेषिताच्या पदासाठी जर दोन नावे चालतात, तर खजिनदाराच्या पदासाठी दुसरे नाव सुचवणे हा मंडळीचा द्रोह कसा ठरतो?

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला तर हा विचार परका नसावा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यामागे परकी मिशनच्या ताबेदारीतून मुक्त अशा बंधुत्वाची ओढ होती. पुढे 1970 मध्ये नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. गोऱ्या साहेबांची खुर्ची रिकामी झाली खरी. पण तीत आपल्यातलाच एखादा ‘साहेब’ कायमचा बसणार असेल, तर बदल फक्त रंगाचा झाला असे म्हणावे लागेल.

स्पर्धेने मंडळीत गट पडतील, ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु गट निवडणुकीने निर्माण होत नाहीत. दबलेले गट निवडणुकीत दिसू लागतात. त्यावर उपाय साधे आहेत. नावे पंधरा दिवस आधी लेखी मागवावीत, मतदान चिठ्ठीने गुप्तपणे व्हावे, सलग दोन मुदतींनंतर तीच व्यक्ती त्याच पदावर राहू नये आणि जमाखर्च दर तिमाहीस फलकावर लागावा. अनुभवी मंडळींनी पद सोडले म्हणून त्यांचा सल्ला कोठे जात नाही.

आमच्या संघात एका कचेरीतले शिपाई आहेत. कोण इस्पितळात आहे, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे त्यांना सर्वांआधी कळते. दर शनिवारी सभागृहात खुर्च्या मांडणारेही तेच. त्यांचे नाव आजवर कोणी सुचवले नाही आणि त्या ‘कोणी’त मीही आहे, हे मला कबूल केले पाहिजे. येत्या सभेत मी ते सुचवणार आहे. ते निवडून येतील की नाही, हे मंडळीने ठरवावे. पण त्या दिवशीची निवडणूक बिनविरोध झाल्याची नोंद इतिवृत्तात होणार नाही.