विमाधारक ते लाभार्थी

आरोग्यविमा हा अर्थशास्त्राच्या किंवा फार तर समाजशास्त्राच्या अभ्यासकांचा विषय, साहित्याचा नव्हे, असे आपण गृहीत धरतो. परंतु कोणतेही शासकीय धोरण माणसापर्यंत पोहोचते ते शब्दांतून, आणि शब्दांची छाननी हे तर आपलेच काम. महाराष्ट्रात आरोग्यविम्याचा विस्तार होत असताना 'विमाधारक' या शब्दाची जागा 'लाभार्थी' या शब्दाने घेतली. हा बदल निव्वळ परिभाषेचा नाही.

भांडुप आणि मुलुंडच्या मधल्या नाहूरचे उदाहरण घेऊ. येथे रेल्वे स्थानक झाले २००६ साली. त्याआधीची कित्येक दशके हा सारा पट्टा लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या कारखान्यांचा. प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालातून आणि १९४८ च्या कायद्यातून आकाराला आलेली कामगार विमा योजना अशा कामगारांसाठी होती. पगारातून अंशदान कापले जाई, मालकही आपला वाटा भरी. त्या बदल्यात बाह्यरुग्ण तपासणी, औषधे, रुग्णालय आणि आजारपणातील भत्ता मिळे. रांगा आणि गैरसोय होतीच. पण 'माझे पैसे कापले जातात' असे खिडकीवर ठणकावून सांगण्याची सोयही होती.

पुढे एकेक कारखाना बंद झाला, त्या जागी मनोरे उभे राहिले. तेथील सुरक्षारक्षक, घरकामगार, सामान पोहोचवणारी मुले यांतील अनेकांना त्या जुन्या योजनेचे छत्र नाही. त्यांच्यासाठी २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१३ मध्ये राज्यभर गेलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आधार ठरली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ च्या आयुष्मान भारतशी ती २०२० मध्ये जोडली गेली. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची मुख्य अट १ जुलै २०२४ पासून गेली, दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांचे झाले. म्हणजे पांढऱ्या शिधापत्रिकेमुळे बाहेर राहिलेला, तासिका तत्त्वावर शिकवणारा आपला सहकारीही आत आला. हे श्रेय निःसंकोच द्यायला हवे.

तथापि या योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळीचा खर्च त्यात बसत नाही. त्या गोळीअभावी मूत्रपिंडे निकामी झाली की मात्र डायलिसिस बसते. शिवाय उपचार मिळतात ते 'अंगीकृत' रुग्णालयांत आणि ठरलेल्या यादीतले. तेथे 'आरोग्यमित्र' नेमलेला असतो. नाव सुंदर आहे. पण मित्राकडे आपण विनंती करतो, दाद मागत नाही.

ज्याला हप्ताच परवडत नाही त्याने हक्काची भाषा कशासाठी करावी, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर सरळ आहे. साबणाच्या वडीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीवर तो सुरक्षारक्षक कर भरतोच. त्याच्या पगारातून अंशदान कापलेले दिसत नाही, इतकाच फरक. न दिसणाऱ्या अंशदानामुळे कामगाराचा 'लाभार्थी' झाला आणि शासन दाता झाले. मानवी हक्कांचा विचार मराठीत ठामपणे मांडणाऱ्या जोतिरावांचे नाव ज्या योजनेला आहे, तिला तरी ही भाषा शोभत नाही.

म्हणून पुढच्या सुधारणेचा आग्रह केवळ रकमेपुरता नसावा. बाह्यरुग्ण तपासणी आणि नित्याची औषधे योजनेत यावीत. उपचार नाकारल्यास कारण त्याच दिवशी लेखी, मराठीत मिळावे. आणि अर्जावर 'लाभार्थी'च्या जागी पुन्हा 'विमाधारक' छापावे. नुसत्या शब्दाने खाट मिळत नाही, हे खरेच. पण खाट नाकारली गेली तर जाब विचारण्याचे बळ त्या शब्दात आहे.