बर्फ काय पर्यटकांसाठी पडतो?

गुलमर्गला बर्फ नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो पैशांचा. जानेवारी २०२४ मध्ये तिथली कुरणं तपकिरी, उघडीबोडकी पडली होती. स्कीइंगच्या उतारांवर नुसतं वाळकं गवत. बातम्या कसल्या? बुकिंग रद्द झाली, पर्यटकांचा हिरमोड झाला. मडगावच्या एका परिचितांनी तर 'आमचे पैसे पाण्यात गेले' म्हणून मलाच सुनावलं, जणू बर्फ मी अडवून धरला होता! पाण्यात गेले असते तर बरं झालं असतं. पाणीच तर नव्हतं.

बर्फ हा काश्मीरचा देखावा नव्हे, ती त्याची पाण्याची टाकी आहे. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना तिथे 'चिल्लई कलान' म्हणतात. त्या कडाक्यात पडलेला बर्फ घट्ट बसतो, उंचावर टिकतो आणि उन्हाळ्यापर्यंत थोडाथोडा वितळत ओढ्यांना, भातशेतीला, सफरचंदाच्या बागांना पुरतो. तोच मार्चमध्ये पडला तर ऊन चढलेलं असतं, भराभर वाहून जातो. फोटो मात्र दोन्हींचे सारखेच छान येतात!

फेब्रुवारी २०२५ चंच घ्या. बर्फ नाही म्हणून गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलल्या, त्या मार्चमध्ये झाल्या. त्याच फेब्रुवारीत अनंतनाग जिल्ह्यातल्या अचबलच्या मुघल बागेतला झरा आटला. यातली कुठली बातमी तुम्ही वाचली होती, मंडळी?

बर्फ आला की संकट टळलं, हाही भ्रमच. कोरड्या थंडीत जुन्या पातळ थराचे साखरेसारखे सुटे कण होतात, त्यावर एकदम जड हिमवर्षाव झाला की वरचा थर घसरतो. २२ फेब्रुवारी २०२४ ला अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात एक रशियन स्कीपटू गेला. 'बर्फ पडला, या!' म्हणून जाहिराती करणाऱ्यांनी हेही सांगावं.

आता यंत्रांनी बर्फ पाडा म्हणतात. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकने ते केलं, मग आपण का नको? अहो, एक हेक्टर उतारावर फूटभर थर द्यायला दहा लाख लिटरांच्या वर पाणी लागतं आणि हवा गोठणबिंदूच्या आसपास हवीच. उत्तराखंडात औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी अशी यंत्रं आणली होती. तरी २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्याच. शिवाय झरे आटत असताना ते पाणी आणायचं कुठून, हे कोणी बोलत नाही.

स्लेजवाले, घोडेवाले, स्की शिकवणारी पोरं यांची चूल सीझनवर चालते, हे मला मान्य आहे. त्यांना कोरड्या हिवाळ्यात मदत द्या, जरूर द्या. पण त्यांची ढाल करून डोंगराचं पाणी उतारावर ओतू नका.

आम्हां गोवेकरांना हे वेगळं सांगायला नको. पर्यटन हा कणा, पर्यटन हा कणा ऐकत आपण वाळूच्या टेकड्या सपाट होताना पाहिल्या. सीझनला हॉटेलात टँकर जातो आणि वाड्यावर नळ सुका. तेव्हा आपण ओरडतो, आणि ओरडायलाच हवं. मग गुलमर्गला गेल्यावर तेच आपण त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने मागतो?